आधी प्रक्षेपण, मग बक्षीस

महिलांच्या टप्प्यांच्या सायकल शर्यतींचा इतिहास चाळताना एक गोष्ट खटकते: अशी शर्यत दर काही वर्षांनी नव्याने सुरू करावी लागते. 1955 मध्ये ज्याँ लुलिओ यांनी नॉर्मंडीत पाच टप्प्यांची शर्यत भरवली. आईल ऑफ मॅनची मिली रॉबिन्सन जिंकली. पुढच्या वर्षी शर्यत भरलीच नाही.

1984 चा प्रयोग मात्र आयोजकांनी बारकाईने पाहावा. पुरुषांच्या टूर द फ्रान्सबरोबरच महिलांची टूर झाली: 18 टप्पे, 36 सायकलपटू. पुरुषांच्याच मार्गाचा शेवटचा भाग त्या कापत आणि त्यांच्या आधी अंतिम रेषा गाठत. रस्ता बंद, पोलीस जागेवर, घाटात गर्दी सकाळपासून बसलेली. सगळे आयतेच! अमेरिकेच्या मारियान मार्टिनला विजयाचे सुमारे हजार डॉलर मिळाले, पुरुष विजेता लोराँ फिन्याँला लाखाहून अधिक. तरीही ही जोडशर्यत खर्चिक वाटली आणि 1989 नंतर थांबली.

पुढे फ्रान्समध्येच पिएर ब्वे या आयोजकांनी महिलांची स्वतंत्र शर्यत चालवली. नावाच्या हक्कावरून तंटा झाला, नाव बदलावे लागले, पैसा आटत गेला. 2009 मध्ये ती चार दिवसांची उरली आणि बंद पडली.

इटलीची महिला जिरो जास्त चिवट. 1988 मध्ये सुरू झाली आणि सुरुवातीचा एक खंड सोडला तर टिकली. फाबियाना लुपेरिनीने ती पाच वेळा जिंकली. पण 2021 मध्ये तिचा वर्ल्ड टूर हा सर्वोच्च दर्जा गेला. कारण चढ-उतारांचे नव्हते, आदल्या वर्षी थेट प्रक्षेपणाची अट पाळली गेली नव्हती. रोज किमान 45 मिनिटे, एवढीच ती अट. शिक्षा कठोर होती, पण आमच्या मते योग्य होती.

2022 मध्ये महिलांची टूर द फ्रान्स परतली, तीही पुरुषांची शर्यत पॅरिसला संपली त्याच दिवशी सुरू होऊन. 1984 ची सोय वेगळ्या रूपात पुन्हा वापरली गेली. यावेळी कॅमेरेही होते, म्हणून 2024 मध्ये आल्प द्युएझच्या चढावर डेमी फोलरिंगने टप्पा जिंकूनही काशा न्येव्यादोमाने एकूण आघाडीची पिवळी जर्सी 4 सेकंदांनी राखली, हे जगाने थेट पाहिले.

महिलांची शर्यत आखणाऱ्या वाचकांनी अंदाजपत्रकात प्रक्षेपणाचा खर्च बक्षिसाच्या आधी मांडावा, आणि प्रायोजकाकडे एका वर्षाचा धनादेश मागू नये. ऑनलाइन सायकलिंग कंपनी झ्विफ्टने महिलांच्या टूरशी प्रायोजकत्वाचा करार केला, तो चार वर्षांचा होता.