‘म्यूटंट’ आणि फेरफार

मार्च २०२१ मध्ये महाराष्ट्रात ‘डबल म्यूटंट’ हा शब्द घरोघरी पोहोचला. २४ मार्च रोजी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने राज्यातील काही नमुन्यांत विषाणूचे दोन ठळक बदल एकत्र आढळल्याचे जाहीर केले, आणि मथळ्यांपासून चावडीपर्यंत त्याचीच चर्चा सुरू झाली. शब्द शास्त्राचा; पण जनमानसात तो शिरला राक्षसाच्या नावासारखा. म्यूटंट म्हणजे विद्रूप, अमानुष शक्तीचा प्राणी, हा अर्थ परदेशी चित्रपटांनी आधीच रुजविला होता. त्यात ‘डबल’ची भर पडताच धोकाही दुप्पट, असा हिशेब सामान्य माणसाने मांडला. वस्तुतः त्या विषाणूतील एकूण बदल दोनाहून पुष्कळ अधिक होते.

मूळ लॅटिन धातूचा अर्थ केवळ ‘बदलणे’ असा आहे. डच वनस्पतिशास्त्रज्ञ ह्यूगो द व्ह्रीस यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी आनुवंशिक गुणांत अकस्मात होणाऱ्या बदलाला म्यूटेशन हे नाव दिले. मराठी परिभाषेने त्याला ‘उत्परिवर्तन’ म्हटले. शब्द निर्दोष आहे. तथापि तो पाठ्यपुस्तकाबाहेर फारसा पडला नाही.

गंमत अशी की, ‘म्यूटेशन’ला प्रतिशब्द म्हणून वापरला जाणारा एक मराठी शब्द खेड्यापाड्यांत कधीचाच नांदतो आहे. जमिनीच्या हक्कनोंदीतील बदलाला महसुली इंग्रजीत म्यूटेशनच म्हणतात, आणि आपण म्हणतो फेरफार. पवन मावळात, तिकोणा किल्ल्याच्या पायथ्याच्या तिकोणा पेठेत, हा शब्द कोणाला समजावून सांगावा लागणार नाही. पवना धरणाच्या आसपासच्या जमिनींना शहरी गिऱ्हाईक लाभल्यापासून तर फेरफार हा तेथील कुटुंबांच्या जिव्हाळ्याचा आणि कलहाचाही विषय झाला आहे.

शास्त्रीय कल्पना याच शब्दाने उलगडते. हस्तलिखित सातबाऱ्याची नक्कल करताना एखादे अक्षर चुकले, तर त्या नकलेवरून केलेल्या पुढील प्रत्येक नकलेत ती चूक उतरते. बहुतेक चुकांनी काही बिघडत नाही. क्वचित एखादीने अर्थच पालटतो. सजीवाच्या आनुवंशिक मजकुराचेही असेच घडते. असा बदल ज्याच्या अंगी आहे तो म्यूटंट. तो शत्रूच असतो असे मुळीच नाही.

याचा पुरावा मावळच्या भातखाचरातच आहे. वडगाव मावळच्या कृषी संशोधन केंद्राने १९८७ मध्ये दिलेला इंद्रायणी तांदूळ हा आंबेमोहोर १५७ आणि आयआर-८ यांच्या संकरातून निपजला. फिलिपीन्समधून १९६६ मध्ये प्रसृत झालेल्या आयआर-८ चा बुटका बांधा हे तैवानच्या एका जुन्या वाणातील नैसर्गिक उत्परिवर्तनाचे देणे आहे. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने तर किरणोत्साराने असे बदल मुद्दाम घडवून भुईमुगाचे वाण शेतकऱ्यांना दिले. म्यूटंटच्या धास्तीने टाळेबंदीत घरी बसलेल्या कित्येक कुटुंबांच्या ताटातला भात असा एका म्यूटंटच्याच वंशातला होता!

याचा अर्थ २०२१ ची भीती निराधार होती असा नव्हे. त्या विषाणूचा डेल्टा हा प्रकार खरोखरच अधिक वेगाने पसरत होता. परंतु भीतीच्या शब्दाने एक मोठे काम साधले : निसर्गाची करणी आणि माणसाची करणी यांतील सीमारेषा पुसली गेली. विषाणूतील फेरफाराला कर्ता नव्हता. खाटांचा तुटवडा, प्राणवायूची टंचाई, औषधांचा काळाबाजार यांना कर्ते होते. २१ एप्रिल २०२१ रोजी नाशिकच्या महापालिका रुग्णालयात प्राणवायूच्या टाकीला गळती लागून किमान २२ रुग्ण दगावले. तो प्राणवायू कोणत्याही म्यूटंटने तोडला नव्हता. सार्वजनिक आरोग्यव्यवस्थेवर वर्षानुवर्षे अपुरा खर्च करणे हे धोरण होते, दैव नव्हते.

फेरफार या शब्दात आणखी एक लोकशाही संस्कार दडलेला आहे. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम १५० नुसार फेरफाराची नोंद चावडीवर लावावी लागते, संबंधितांना कळवावे लागते, हरकत आल्यास ती नोंदवून तिची चौकशी करावी लागते. व्यवहारात ही वाट कितीदा चुकविली जाते हे शेतकरी जाणतोच. म्हणून तर ‘कागदात फेरफार केला’ या वाक्प्रचाराला लबाडीचा वास आहे. पण तत्त्व निर्विवाद आहे : ज्या बदलाने लोकांचे जीवन पालटते, तो लोकांना समजेल अशा भाषेत जाहीर झाला पाहिजे, आणि त्यावर हरकत घेण्याचा अधिकार त्यांना असला पाहिजे.

कार्यकर्त्यांनी हे ध्यानी घ्यावे. पुढची साथ नवा शब्द घेऊन येईल. तेव्हा तो शब्द नुसता पुढे पोहोचविणे हे आपले काम नव्हे. त्याचा अर्थ लोकांच्या शब्दांत सांगावा, आणि मग दुसरा प्रश्न अवश्य विचारावा : विषाणू बदलला, हे खरे, परंतु दवाखाना का बदलला नाही?