सायकलीचा ब्रेक कोणासाठीं?

ठाणें, डोंबिवली व कल्याण या तीनही शहरांचा दिवस आगगाडीच्या वेळापत्रकाबरोबर उजाडतो. १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून निघालेली पहिली उतारूंची गाडी ठाण्यास पोंचली, १८५४ सालीं लोहमार्ग कल्याणास जाऊन भिडला, आणि तेव्हांपासून या टापूंतील नोकरदार व व्यापारी यांचा संसार स्टेशनाभोंवतीं फिरूं लागला. घरापासून स्टेशनापर्यंतची मैल-दीड मैलाची मजल मारण्यास सायकलीसारखें स्वस्त, धूर न ओकणारें व स्वावलंबी वाहन दुसरें नाहीं. दूध, पाव व वर्तमानपत्र अजूनही पुष्कळांच्या दारीं याच वाहनावरून येतें, आणि वाण्याच्या दुकानांतील पोऱ्या गिऱ्हाइकाच्या घरीं सामान पोंचवितो तोही बहुधा सायकलीवरूनच. सायकली वाढाव्यात असेंच आमचें मत आहे; आणि म्हणूनच तिच्या एका जुनाट दुखण्याविषयीं चार कडक शब्द लिहिणें आम्हांस अवश्य वाटतें. तें दुखणें म्हणजे निकामी ब्रेक.

हें दुखणें लपून कां राहतें याचें कारण उघड आहे. चाकांतील हवा गेली कीं सायकल पुढें सरकत नाहीं. साखळी उतरली कीं पाय फुकट फिरतात. म्हणून मालक तत्काळ दुरुस्तीच्या दुकानाकडे धांव घेतो. ब्रेकची गोष्ट निराळी. तो ढिला झाला म्हणून सायकल अडत नाहीं. ती रोजच्याप्रमाणेंच चालते. चालण्यांतील दोष मालकाला छळतो, पण थांबण्यांतील दोष बहुधा रस्ता ओलांडणाऱ्या परक्या माणसाच्या जिवावर बेततो. आणि परक्याच्या जिवाची काळजी स्वतःच्या गैरसोयीइतक्या तांतडीनें वाहणारे गृहस्थ आपल्या समाजांत फार नाहींत. प्रश्न यंत्राचा दिसतो. मुळांत तो नागरिकधर्माचा आहे.

ब्रेकचें काम काय तें नीट समजून घ्यावें. ताशीं वीस किलोमीटर वेगानें जाणारी सायकल एका सेकंदांत सुमारें साडेपांच मीटर अंतर कापते. म्हणजे समोर पोर आडवें आलेलें पाहून बोटें मुठीवर आवळेपर्यंतच एका दिवाणखान्याइतकें अंतर संपून जातें. वेग दुप्पट झाला तर त्याच ब्रेकनें थांबण्यास लागणारें अंतर दुप्पट नव्हे, चौपट होतें. डोंबिवलीचा कोपर पूल किंवा कल्याणचा पत्री पूल यांच्या उतारावर पायडल न मारतांही वेग वाढतो, हें तेथून रोज जाणाऱ्यांस सांगावयास नको. त्यांत कोंकणचा पाऊस! रिम ओली झाली म्हणजे रबराची पकड सुटते. सळईच्या ब्रेकच्या जुन्या सायकलींच्या पोलादी रिमांवर तर ती फारच सुटते. चिखलाचे कण रबरांत रुतून रिम खातात. तारेला गंज चढून तिचे धागे एकेक तुटत जातात, आणि उरलेले धागे मूठ जोरानें दाबली असतां, म्हणजे नेमक्या संकटाच्या क्षणीं, दगा देतात. मागें दुधाचे कॅन किंवा पावाची पेटी असली म्हणजे थांबवावयाचें वजनही वाढलेलें असतें. केवळ मागच्या ब्रेकवर भिस्त ठेवण्याची कित्येकांची रीत आहे. तीही चुकीची आहे, कारण थांबतांना भार पुढच्या चाकावर येतो व अधिक पकड तेथेंच मिळते. दोन्ही ब्रेक शाबूत असावेत व ते बेताबेतानें एकदम लावावेत, हाच खरा नियम.

'आधीं रस्त्यांवरील खड्डे बुजवा, मग आमच्या ब्रेककडे पाहा,' असें कोणी म्हणेल. खड्डे हें महापालिकांचें पाप आहे, व त्याचा जाब त्यांना विचारण्यास आम्ही कचरणार नाहीं. २०२२ सालीं देशांत रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसें मेलीं व त्यांत सुमारें तीन टक्के सायकलस्वार होते, हें केंद्र सरकारच्याच अहवालांत नमूद आहे. भरधांव मोटारींना आवर घालणें व सायकलीस रस्त्यांत जागा देणें हें सरकारचें कर्तव्यच होय. परंतु दुसऱ्यानें आपलें कर्तव्य टाकलें म्हणून आपणांस आपलें टाकण्याचा परवाना मिळत नाहीं. शिवाय खड्डा समोर असतां ब्रेक अधिकच लागतो.

आतां कायद्याकडे वळूं. १९८८ चा मोटार वाहन कायदा पायांनीं चालणाऱ्या सायकलीस लागू नाहीं. म्हणून तिच्या ब्रेकची दरसाल तपासणी करणारा अंमलदारही नाहीं. पण यावरून सायकलस्वार कायद्याच्या कक्षेबाहेर आहे असें समजणें भोळेपणाचें होईल. १ जुलै २०२४ पासून अमलांत आलेल्या भारतीय न्याय संहितेचें २८१ वें कलम सार्वजनिक रस्त्यावर बेदरकारपणें वा हयगयीनें वाहन हांकून दुसऱ्याचा जीव धोक्यांत घालणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, एक हजार रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही शिक्षा सांगतें. आणि तें केवळ मोटारींपुरतें नाहीं. नोकरानें धन्याच्या कामावर असतां हयगयीनें कोणास इजा केली तर भरपाईचा भार धन्यावरही येतो, हें तर दिवाणी कायद्याचें जुनें तत्त्व आहे. व्यापारी बंधूंनीं तें विसरूं नये. निकामी ब्रेकची सायकल पोऱ्याच्या हातीं देणाऱ्या शेटजींची हयगय पोऱ्याहून मोठी. कारण पोऱ्यास सायकल निवडण्याचा अधिकार नसतो, आणि 'शेटजी, ब्रेक लागत नाहीं' असें म्हणण्याची सोयही बहुधा नसते.

उपाय महाग नाहीं. आठवड्यांतून दहा मिनिटें काढावीं. मूठ हँडलास टेंकण्यापूर्वींच चाक घट्ट आवळलें जातें कीं नाहीं, रबर झिजून धातू उघडा पडला आहे काय, रबर टायरला न घांसतां रिमेवर बसतें काय, तार उसवली आहे काय, रिमेवर तेल लागलें आहे काय, एवढें पाहावें. पावसांत वेग कमी ठेवावा व थांबण्याच्या जागेच्या बरेंच आधीं मूठ हलकी दाबून रिमेवरील पाणी निपटून घ्यावें. दुकानदारांनीं दुरुस्तीचा खर्च दुकानच्या खातीं घालावा, नोकराच्या पगारांतून कापूं नये. स्टेशनाजवळ जेथें सायकली ठेवल्या जातात तेथें एखाद्या कारागिरास महापालिकांनीं जागा द्यावी. कामास जाणाऱ्याची सायकल दिवसभर उभीच असते, तेवढ्या वेळांत ती दुरुस्त होऊं शकेल. कळव्याच्या कारशेडमधून लोकल गाडी ब्रेक तपासल्याखेरीज बाहेर काढीत नाहींत. जी गाडी गांठण्यासाठीं आपण जीव टाकून सायकल हांकतों, तिला लागू असलेला नियम आपल्या सायकलीस कां नसावा?

दसऱ्यास आपण सायकल धुवून पुसून तिला झेंडूची माळ घालतों. पण ज्या सायकलीचा ब्रेक लागत नाहीं तिची पूजा ही निव्वळ थट्टा होय. अंमलदाराच्या दंडुक्याची वाट न पाहतां स्वतःस आवर घालणें हाच १९४७ सालीं मिळालेल्या स्वातंत्र्याचा रोजचा अर्थ आहे, आणि तो रस्त्यावर सिद्ध करावयाचा आहे. आज दुकान बंद करण्यापूर्वीं प्रत्येक दुकानदारानें दारांतील सायकलीची मूठ स्वतःच्या हातानें एकदां दाबून पाहावी; आणि चाक थांबत नसेल तर उद्यां ती सायकल कोणाच्याही हातीं देऊं नये.