जाळे कापणारे हात

रात्री टाकलेले जाळे पहाटे ओढायला घ्यावे आणि ते नेहमीपेक्षा जड लागावे, यासारखा आनंद कोळ्याला दुसरा नाही. आज देव पावला, असेच त्याला वाटते. पण तंजावूर जिल्ह्याच्या किनाऱ्यावर कधी कधी त्या जड जाळ्यात मासळी नसते. विजेरीच्या उजेडात एक राखाडी, गुळगुळीत पाठ दिसते. जाड ओठांचे, मिशाळ, खाली वळलेले तोंड दिसते. जाळ्यात अडकलेली असते समुद्रगाय. इंग्रजीत तिला ड्युगाँग म्हणतात. इथले तमिळ कोळी तिला आवुळिया म्हणतात, कडल पसु म्हणजे समुद्रातली गाय असेही म्हणतात.

आता होडीत फार वेळ विचार करून चालत नाही. समुद्रगाय पाण्यात राहत असली तरी मासा नव्हे. तिला आपल्यासारखीच फुप्फुसे असतात आणि श्वास घ्यायला दर काही मिनिटांनी तिला वर यावे लागते. जाळ्यात गुंतून ती खालीच राहिली, तर पाण्यातच गुदमरून मरते. तिला वाचवायचे, तर सुरी काढून स्वतःचे जाळे कापायचे. भोवती अंधार असतो, पाहणारे कोणी नसते. कायद्याचा हात तिथपर्यंत पोचत नाही. निर्णय त्या होडीतल्या दोघातिघांनीच घ्यायचा असतो.

गेल्या काही वर्षांत या किनाऱ्यावरच्या अनेक कोळ्यांनी तो निर्णय घेतला आणि समुद्रगाई जिवंत सोडल्या.

मराठी राजाचा मनोरा

तंजावूर म्हटले की मराठी वाचकाला बृहदीश्वराचे मंदिर, सरस्वती महाल ग्रंथालय आणि भोसल्यांचे राज्य आठवते. पण या जिल्ह्याला समुद्रही आहे. शहरापासून सुमारे ६५ किलोमीटरवर मल्लिपट्टिणमजवळ एक आठ मजली, षट्कोनी बुरूज उभा आहे. त्याचे नाव मनोरा! नेपोलियनचा पाडाव झाला त्याची आठवण म्हणून दुसऱ्या सरफोजी राजांनी तो १८१४-१५ च्या सुमारास बांधला. त्यावरच्या शिलालेखांत इतर भाषांबरोबर मराठीही आहे. शेजारच्या गावाचे सरभेंद्रराजपट्टिणम हे नावही याच राजांवरून पडले.

मनोऱ्यासमोर पसरला आहे पाल्कचा उपसागर. भारत आणि श्रीलंका यांच्यामधले हे पाणी उथळ आणि बऱ्याच अंशी शांत आहे. सूर्यप्रकाश तळापर्यंत पोचतो, म्हणून तळाशी गवत उगवते. हे शेवाळ नव्हे. याला मुळे असतात, पाने असतात, फुलेसुद्धा येतात. समुद्रगाय जगते ती या गवतावर. एका दिवसात ती तीसचाळीस किलो गवत खाते. तिची लांबी तीन मीटरपर्यंत भरते आणि वजन चारशे किलोपर्यंत जाते. पण एवढ्या मोठ्या जनावराने कोणावर हल्ला केल्याचे कोणी सांगत नाही. चरावे, वर येऊन श्वास घ्यावा आणि पुन्हा चरावे, एवढाच तिचा दिनक्रम.

तिचा संसार मात्र फार सावकाश चालतो. मादी वयात यायला दहा वर्षे किंवा त्याहूनही अधिक काळ लागतो. गरोदरपण तेरा-चौदा महिन्यांचे. एका वेळी एकच पिल्लू, आणि दोन पिल्लांमध्ये तीन ते सात वर्षांचे अंतर. पिल्लू सुमारे दीड वर्ष आईला बिलगून असते. म्हणजे जाळ्यात एक मादी गेली की तिच्याबरोबर पुढच्या कित्येक वर्षांची आशा जाते.

आपल्या देशात समुद्रगाई कच्छचे आखात, अंदमान-निकोबार आणि तमिळनाडूचा हा किनारा एवढ्याच ठिकाणी उरल्या आहेत. २०२२ साली सरकारने दिलेला अंदाज सुमारे २४० चा होता, आणि त्यातल्या बहुतेक तमिळनाडूच्या किनाऱ्यावर होत्या. एके काळी मांसासाठी त्यांची शिकार होई. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यांना वाघाइतकेच कडक संरक्षण दिले. पण शिकार थांबवता येते, तसे जाळ्यात अपघाताने अडकणे कायद्याने थांबत नाही.

गवत राहिले तर मासळी राहील

सप्टेंबर २०२२ मध्ये तमिळनाडू सरकारने तंजावूर आणि पुदुकोट्टै जिल्ह्यांलगतचा ४४८ चौरस किलोमीटरचा समुद्र समुद्रगाईंसाठी राखीव म्हणून जाहीर केला. देशातले अशा प्रकारचे हे पहिलेच क्षेत्र. कायद्याप्रमाणे असे संवर्धन क्षेत्र स्थानिक लोकांशी सल्लामसलत करून ठरवायचे असते आणि त्याच्या व्यवस्थापन समितीत गावपंचायतींचे प्रतिनिधी घ्यायचे असतात. त्यामागचे कारण उघड आहे. समुद्राला कुंपण घालता येत नाही. तिथे राखणदार कोण, तर रोज पाण्यात जाणारा माणूसच.

त्या माणसाला समुद्रगाईची राखण का करावीशी वाटावी? भूतदया हे एक कारण झाले. दुसरे कारण त्याच्या चुलीशी जोडलेले आहे. समुद्रगाईचे कुरण हेच कोळंबीचे, खेकड्यांचे आणि कितीतरी माशांच्या पिल्लांचे पाळणाघर आहे. शेतकरी जसा बियाणे खाऊन टाकत नाही, तसा शहाणा कोळी हे गवत उपटू देत नाही. गवताची मुळे तळाची माती धरून ठेवतात, पाणी स्वच्छ ठेवतात आणि हवेतला कर्बवायू शोषून चिखलात साठवतात.

या गवताचा मोठा शत्रू म्हणजे तळ खरवडत जाणारे ट्रॉलरचे जाळे. तमिळनाडूच्या १९८३ च्या कायद्याने किनाऱ्यापासून तीन सागरी मैलांपर्यंत यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी आहे. दरवर्षी १५ एप्रिल ते १४ जून असे ६१ दिवस ट्रॉलर बंदरातच राहतात. पण नियम मोडला जातो तेव्हा पहिला फटका बसतो तो लहान होडीवाल्याला. म्हणून गवत वाचवण्याचा आग्रह आणि लहान कोळ्याच्या पोटाचा प्रश्न इथे एकाच होडीत बसले आहेत.

जिथे गवत नष्ट झाले आहे तिथे ते पुन्हा लावण्याचे कामही या भागात झाले आहे. ‘ओमकार’ ही इथली संस्था स्थानिक लोकांना हाताशी धरून हे काम करते. बांबूच्या चौकटीला काथ्याच्या दोऱ्या ताणतात, त्यांना गवताची रोपे बांधतात आणि ती चौकट तळाशी ठेवतात. बांबू आणि काथ्या कालांतराने कुजून जातात, गवत मात्र मूळ धरते. भातलावणीच्या मुलुखातली माणसे समुद्रातही लावणी करतात!

कापलेल्या जाळ्याची किंमत

एवढे सगळे पटले, तरी पहाटेच्या होडीतला प्रश्न सुटत नाही. जाळे फुकट येत नाही. पुष्कळदा ते उसनवारीवर घेतलेले असते. ते कापले, तर त्या दिवसाची मासळी गेली आणि दुरुस्ती होईपर्यंतचे दिवसही गेले. घरी वाट पाहणाऱ्या बाईला टोपली रिकामी ठेवावी लागते. समुद्रगाय वाचली याचा आनंद साऱ्या देशाला होतो, पण त्याचा खर्च एका घराने सोसायचा, हा कुठला न्याय?

देहरादूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेने समुद्रगाईंसाठी काम सुरू केले तेव्हा ही गोष्ट ओळखली. कोळ्यांनाच स्वयंसेवक करून घेतले आणि कोळ्यांच्या मुलांसाठी शिष्यवृत्ती ठेवली. समुद्रगाय सोडणाऱ्यांचा सत्कार होतो, त्यांना रोख बक्षीसही मिळते. बक्षिसाचा आकडा मोठा नसेल, पण मुलाच्या शाळेत बापाच्या कामाचे नाव निघते, याचे मोल वेगळे.

आपल्या कोकणातही हीच वाट धरली गेली. डिसेंबर २०१८ पासून महाराष्ट्रात कासव, डॉल्फिन, देवमुशी यांसारखे संरक्षित प्राणी सोडण्यासाठी जाळे कापावे लागले, तर कोळ्याला २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळू लागली. आपण जाळे कापतानाचे फोटो पुरावा म्हणून द्यायचे, एवढीच अट. त्यानंतर कितीतरी कासवे अशी परत पाण्यात गेली.

गुजरातची कथा तर फारच बोलकी आहे. सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर देवमुशीची सर्रास शिकार होत असे. २००४ साली मोरारी बापूंनी लोकांना सांगितले की, ही तर बाळंतपणासाठी माहेरी आलेली लेक! तिला ‘व्हाली’ म्हणजे लाडकी हे नाव मिळाले. माहेरवाशिणीवर हात कोण उगारील? शिकार करणारेच तिला सोडवू लागले आणि फाटलेल्या जाळ्याची भरपाई वनखाते देऊ लागले. माया आणि मोबदला दोन्ही एकत्र आले, तेव्हाच काम टिकले.

वेळ हातची गेली तर काय होते, हेही जगाने पाहिले आहे. उत्तर पॅसिफिकमधली स्टेलरची समुद्रगाय १७४१ मध्ये शास्त्रज्ञांना माहीत झाली आणि शिकारीमुळे अवघ्या २७ वर्षांत पृथ्वीवरून नाहीशी झाली. चीनच्या समुद्रातली ड्युगाँग जवळजवळ संपल्यातच जमा असल्याचे शास्त्रज्ञांनी २०२२ मध्ये सांगितले. त्याच वर्षी इकडे पाल्कच्या उपसागरात राखीव क्षेत्र जाहीर होत होते.

नेपोलियन हरला म्हणून एका मराठी राजाने या किनाऱ्यावर मनोरा उभारला. त्याच मनोऱ्याच्या पायथ्याशी आज रोज पहाटे होड्या लागतात. एखादी होडी फाटलेले जाळे घेऊन परतते, तिच्यात मासळी थोडीच असते, पण मागे समुद्रात एक आई आपल्या पिल्लासह चरत असते. या विजयासाठी मनोरा नको. त्या घरातले जाळे वेळेवर विणून मिळाले, तरी पुरे.