दोन गोलची आघाडी कोरियाने कशी गमावली?

महिला आशियाई करंडकाची अंतिम लढत ६ फेब्रुवारी २०२२ रोजी नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर झाली. बोईसर-पालघरकरांना लोकल बदलत गाठता येईल असं हे मैदान.

दक्षिण कोरिया पहिल्यांदाच अंतिम फेरीत पोहोचला होता. छोटे पास, मधल्या फळीत जी सो-युनचा ताबा, ही त्यांची पद्धत. २७व्या मिनिटाला चोए यू-रीचा गोल, मध्यंतराआधी जीची पेनल्टी. २-०.

चीनचा भर बगलेवरून चढाई, क्रॉस आणि अंगाच्या ताकदीवर. पूर्वार्धात त्याचा काही उपयोग झाला नाही. नंतर मात्र चीनने चेंडू सतत कोरियाच्या गोलसमोर आणला. ६८व्या मिनिटाला तांग जियालीने पेनल्टी साधली, चार मिनिटांत झांग लिनयानने बरोबरी केली. पासवर जगणाऱ्या संघाला चेंडूच मिळेना, आणि कोरियाकडे दुसरा उपाय दिसला नाही. भरपाई वेळेत शाओ युयीने ३-२ केलं.

याला निव्वळ नशीब म्हणता येत नाही. उपांत्य फेरीतही चीनने जपानविरुद्ध दोनदा पिछाडी भरून काढली होती, मग पेनल्टी शूटआउट जिंकलं.

यजमान भारत तोवर बाहेर होता. कोरोनामुळे संघ उभा करता आला नाही आणि २०२३च्या विश्वचषकाची वाटही तिथेच बंद झाली.