जुना माल आपला, बाग दुसऱ्याची

मागच्या हिवाळ्यात पुण्याजवळच्या एका लॉनवर साखरपुड्याच्या मेजवानीला आम्ही गेलो होतो. पत्रिकेवर 'विंटेज गार्डन पार्टी' असे छापले होते. आत शिरताच पितळी भोंग्याचा ग्रामोफोन, पत्र्याची जुनी ट्रंक, फांद्यांना टांगलेल्या रंगीत काचेच्या हंड्या, इराणी हॉटेलात असतात तशा वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या आणि पितळी घंगाळात तरंगणारे गुलाब. पाहुणे हौसेने फोटो काढत होते. हा सारा माल ज्याचा, तो आमच्या परिचयाचा व्यापारी मात्र जनरेटरच्या गाडीमागे स्टुलावर बसलेला होता. मेजवानी आटोपल्यावर माल मोजून घेतला तेव्हा दोन हंड्या फुटलेल्या निघाल्या. अनामत घेतलेली नव्हती, कागदावर काही नव्हते. ठेका घेणाऱ्याने "पुढच्या कामात बघू" म्हणून हात झटकले.

अशा समारंभांवर होणाऱ्या खर्चाबद्दल आमचे मत वेगळे आहे, पण तो विषय या पानाचा नाही. येथे मुद्दा धंद्याचा आहे. या थाटाला लागते ते सर्व आमच्याच बांधवांच्या हाती आहे. मुंबईच्या चोरबाजारातील मटन स्ट्रीटचे दुकानदार, मुरादाबादची पितळी भांडी आणणारे व्यापारी, सहारनपूरचे लाकडी नक्षीकाम करणारे, कलईवाले, मंडपवाले, अत्तरवाले. तरीही बेत आखतो दुसरा, बिल फाडतो दुसरा, आणि आपल्या वाट्याला येते ते एका रात्रीचे भाडे. आमचे स्पष्ट मत आहे की आपण माल भाड्याने देण्यावर न थांबता संपूर्ण सजावटीचा ठेका घ्यायला शिकले पाहिजे. यात अशक्य काही नाही. थोडी नजर आणि बरीचशी वही लागते.

नजर कशाची? जुने ते सगळे एकत्र मांडले की विंटेज होते, हा पहिला गैरसमज. बैलगाडीचे चाक, ग्रामोफोन, लाल-पिवळे पडदे आणि डोळ्यांवर मारणारे पांढरे फोकस एकाच हिरवळीवर ठेवले तर ते भंगाराचे गोदाम दिसते. एक काळ ठरवावा. समजा १९३०-४०च्या सुमारास मुंबईच्या एखाद्या बंगल्याच्या बागेतला संध्याकाळचा चहा. मग रंगही तसेच घ्यावेत: साय, फिका गुलाबी, जुन्या पितळेचा पिवळा आणि पानांचा हिरवा. बाकीचे रंग दुकानातच राहू द्यावेत. पितळ फार घासू नये, त्याची थोडी काळपट छटाच गिऱ्हाइकाला हवी असते. जेवणाच्या भांड्यांना मात्र आतून ताजी कलई हवीच, तेथे काटकसर चालणार नाही.

फुलांत बहुतेकांचा पैसा बुडतो. मावळ-तळेगावच्या पॉलीहाऊसमधले लांब दांड्याचे गुलाब दिसतात सुरेख, पण सगळे एकाच मापाचे. केवळ त्यांनी बाग भरली की हॉटेलचा दिवाणखाना वाटतो. त्यांच्यात गावठी गुलाब, पांढरी शेवंती, अॅस्टर आणि निशिगंध मिसळावेत. निशिगंध संध्याकाळनंतर दरवळतो, म्हणून रात्रीच्या मेजवानीला त्याच्याइतके स्वस्त आणि चोख फूल दुसरे नाही. गावठी गुलाबाची पाकळी लवकर गळते, तेव्हा तो फुलदाणीत न खोचता घंगाळातल्या पाण्यावर सोडावा. दांड्याची फुले आदल्या दिवशी आणावीत, टोके तिरपी कापून काही तास बादलीत बुडवून सावलीत ठेवावीत. भर उन्हात दुपारी मांडलेले फूल दिवे लागेपर्यंत मान टाकते, आणि गिऱ्हाईक दोष उन्हाला देत नाही, तुम्हाला देते.

शंभर पाहुण्यांना पाच फुटी गोल टेबले, एकेकावर आठ जण धरले तर तेरा लागतात. मधली फुले वीतभर उंचीची असावीत, म्हणजे समोरच्याचे तोंड दिसते. टेबलावर चकचकीत सॅटिनपेक्षा जाळीदार विणकामाचे कापड किंवा औरंगाबादच्या (आता छत्रपती संभाजीनगर) हिमरूची पट्टी टाकून पाहावी. हिमरूचे माग फार थोडे उरले आहेत. शालीला गिऱ्हाईक नसेल तर टेबलाच्या पट्टीला मिळेल, आणि एका मेजवानीला तेरा पट्ट्या लागतात हे विणणाऱ्याला कोणी तरी सांगायला हवे.

त्या इराणी हॉटेलच्या खुर्चीचीही एक गंमत आहे. व्हिएन्नाच्या थोनेट कंपनीने १८५९ साली काढलेला हा नमुना. लाकडाचे सहा तुकडे, दहा स्क्रू, दोन नट. सुट्या केलेल्या छत्तीस खुर्च्या एक घनमीटरच्या पेटीत मावत. आपले लोक मात्र जोडलेल्या खुर्च्या टेम्पोत एकमेकींवर फेकतात आणि सीझनअखेर निम्म्यांचे पाय हलतात. काचेच्या हंड्यांचीही तीच कथा. प्रत्येक हंडीला स्वतंत्र खण असलेली लाकडी पेटी आपलाच सुतार करून देईल. हंडीत पिवळसर प्रकाशाचा, २७०० केल्व्हिनचा एलईडी दिवा लावावा, काच तापत नाही. हिरवळ ओली असते, म्हणून वायरिंगला गळती होताच वीज तोडणारा ब्रेकर लावल्याशिवाय एकही दिवा पेटवू नये.

आता वहीचे. कामाआधी मालाची यादी, प्रत्येक नगाचा फोटो, फुटल्यास भरपाईचा आकडा आणि खाली गिऱ्हाइकाची सही. अनामत आधी, टेम्पो नंतर. सेवेच्या धंद्यात वर्षाची उलाढाल वीस लाखांच्या वर गेली की जीएसटी नोंदणी लागते. तिला घाबरून मोठी कामे दुसऱ्याच्या नावावर घेणारे आम्ही पाहिले आहेत, आणि नफाही मग त्या दुसऱ्याच्याच नावावर जातो. लाउडस्पीकरची वेळ करारातच लिहावी. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे उघड्या जागेत रात्री दहानंतर तो बंद. थर्माकोलच्या सजावटीवर राज्यात २०१८पासून बंदी आहे, ती कमान कोणी मागितली तरी नाकारावी.

एक गोष्ट थोडी कडू आहे, पण सांगितलीच पाहिजे. बाजारात मिळणारे कितीतरी पितळी भोंग्याचे ग्रामोफोन हे जुने सुटे भाग आणि नवा भोंगा जोडून बनवलेले असतात. सजावटीला ते बिनघोर वापरावेत, पण 'नवीन, जुन्या धाटणीचा' असे यादीत लिहावे. शंभर वर्षांची कलावस्तू म्हणून विकायला गेलात तर दोन्हीकडून फसाल. वस्तू नवी असेल तर ती फसवणूक ठरते, आणि खरोखर शंभर वर्षांची असेल तर १९७२च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे अशा मालाच्या व्यापाराला परवाना लागतो आणि खासगी व्यापाऱ्याला ती परदेशी पाठवता येत नाही.

आमच्या त्या परिचिताने या सीझनला एक मंडपवाला आणि एक फूलवाला सोबत घेऊन तिघांच्या नावाने पहिले दरपत्रक छापले आहे. त्यात हंड्यांच्या ओळीपुढे भरपाईचा आकडा ठळक अक्षरात आहे.