सिस्टरनी डोकं चालवायचं की नाही?

परवा ओपीडीत एक तरुण सिस्टर आल्या होत्या. सलग नाइट ड्यूट्या आणि त्यामुळे डोकेदुखी. नंबर येईपर्यंत त्या मोबाइलवर काहीतरी सोडवत बसल्या होत्या. तपासून झाल्यावर मी सहज विचारलं, तर म्हणाल्या, "एनक्लेक्सचे प्रश्न आहेत सर. अमेरिकेत नर्स व्हायचं तर ही परीक्षा द्यावी लागते." आणि हसत हसत एक प्रश्न माझ्यापुढे धरला.

प्रश्न असा. तुमच्या वॉर्डात चार पेशंट आहेत. पहिल्याला जुना सीओपीडी, म्हणजे वर्षानुवर्षांच्या विडी-सिगारेटने किंवा धुराने खराब झालेली फुप्फुसं. त्याचा ऑक्सिजन 90. दुसऱ्याचं काल पायाचं ऑपरेशन झालंय, वेदना दहापैकी सात. तिसऱ्या बाईंचं काल थायरॉइडचं ऑपरेशन झालंय, त्या म्हणतात ओठांभोवती मुंग्या येताहेत. चौथ्याची शुगर 240. आधी कोणाकडे जाल?

बाहेर पंधरा माणसं बसली होती. मी घाईत म्हणालो, "ऑक्सिजन 90 वाल्याकडे."

चुकलं! जुन्या सीओपीडीच्या बऱ्याच पेशंटमध्ये ऑक्सिजन 88 ते 92 ठेवणं हेच उद्दिष्ट असतं, हे मीच विद्यार्थ्यांना शिकवत आलोय. जायला हवं थायरॉइडच्या बाईंकडे. त्या ऑपरेशनमध्ये शेजारच्या पॅराथायरॉइड ग्रंथींना इजा झाली तर रक्तातलं कॅल्शियम घसरतं. ओठांच्या मुंग्या ही त्याची पहिली खूण. दुर्लक्ष झालं तर हातपाय आखडतात, कधी स्वरयंत्र आवळून श्वासच अडतो. चौघांमध्ये सगळ्यात किरकोळ वाटणारी तक्रार सगळ्यात धोक्याची होती.

मी त्यांना विचारलं, "तुमच्या बी.एस्सी.च्या परीक्षेत असा प्रश्न होता का हो?" त्या म्हणाल्या, "नाही सर. 'थायरॉइड ऑपरेशननंतरची नर्सिंग केअर लिहा' असा होता. त्यात मुंग्यांचा मुद्दा मी लिहिला होता, नववा का दहावा."

माझं भांडण इथे सुरू होतं.

आपल्याकडे बी.एस्सी. नर्सिंगचा अभ्यासक्रम 2021 साली बदलला. पूर्वीच्या 'मेडिकल-सर्जिकल नर्सिंग'चं नाव 'अ‍ॅडल्ट हेल्थ नर्सिंग' झालं, वर्षांऐवजी सेमिस्टर आली. नाव छान आहे. पण पेपरात अजूनही व्याख्या लिहा, कारणं लिहा, टिपा लिहा यांचंच राज्य. ज्या मुलीने शॉकची व्याख्या आणि प्रकार सुवाच्य अक्षरात लिहिले, ती पहिली. पेशंट शॉकमध्ये *जायला लागलाय* हे तिला ओळखता येतं का, हे कुणी तपासतच नाही. स्वयंपाकाची परीक्षा पुरणपोळीची कृती लिहून घ्यावी आणि पोळी कुणी खाऊन बघूच नये, तसला प्रकार.

अमेरिकेने एप्रिल 2023 पासून एनक्लेक्सचं रूप बदललं. नुसती माहिती विचारून भागत नाही, क्लिनिकल जजमेंट तपासायला हवं, हे त्यांनी मान्य केलं. साध्या मराठीत सांगायचं तर पेशंटच्या उशाशी उभं राहून घ्यायचा निर्णय. एकच पेशंट, त्याची हळूहळू बदलत जाणारी अवस्था आणि त्यावर सहा प्रश्न. इथे खटकण्यासारखं काय दिसतंय? त्याचा अर्थ काय असू शकेल? त्यातलं सगळ्यात तातडीचं कोणतं? काय काय करता येईल? आधी काय करायचं? आणि केल्यावर उपयोग झाला की नाही, हे कशावरून ओळखायचं?

आता गंमत बघा. तुमच्या-माझ्या गावातली मुलगी हा विचार शिकते, पण कधी? इथून जायचं ठरवल्यावर! तोपर्यंत ती आपल्या पेशंटजवळ होती तेव्हा तिच्याकडून पाठांतर करून घेतलं. ओहायोतल्या आजोबांसाठी मात्र ती निर्णयाचा सराव करतेय.

तुम्ही म्हणाल, डॉक्टर, परीक्षेचं एवढं काय, निर्णय तर तुम्ही घेता ना? हाच गैरसमज मला मोडायचाय. राउंडला मी तुमच्याजवळ पाच मिनिटं असतो, फार तर दहा. उरलेला दिवस आणि अख्खी रात्र तुमच्याकडे लक्ष असतं ते सिस्टरचं. मला बोलवायचं की नाही, हा निर्णय त्या घेतात. त्या चुकल्या तर माझ्या एमडीचा तुम्हाला काडीचा उपयोग नाही, कारण मी घरी झोपलेला असतो.

मी रेसिडेंट असतानाची गोष्ट सांगतो. रात्री अडीचला वॉर्डातून फोन आला. "सर, चौदा नंबरचे आजोबा बरे दिसत नाहीत." मी विचारलं, बीपी किती? "110." ताप? "थोडा आहे." मग बरे दिसत नाहीत म्हणजे काय? पलीकडे शांतता. मग म्हणाल्या, "काय ते सांगता येत नाही सर, पण बरे दिसत नाहीत." मी वैतागून "सकाळी बघतो" म्हणालो आणि कूस बदलली. सकाळी आजोबांचं बीपी लागत नव्हतं. तिसऱ्या दिवशी ते गेले. त्या सिस्टरचा निर्णय बरोबर होता. तो मांडायला तिला शब्द कुणी दिले नव्हते आणि ऐकायला मला कुणी शिकवलं नव्हतं.

ते शब्द कसे असतात, ते तुम्हीच एक प्रश्न सोडवून बघा. साठ किलो वजनाचे गृहस्थ, पोटाच्या ऑपरेशनचा तिसरा दिवस. नाडी 108, श्वास मिनिटाला 23, वरचं बीपी 106, ताप 100.8, ऑक्सिजन न लावता 94. सहा तासांत लघवी 90 मिली. काय कराल? पॅरासिटामॉल देऊन चार तासांनी पुन्हा बघाल, की आत्ता डॉक्टरांना उठवाल?

एकेक आकडा सुटा बघितला तर कुणीही म्हणेल, ऑपरेशननंतर असं व्हायचंच. पण इंग्लंडच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने 2012 साली अशा आकड्यांना गुण देण्याची एक पद्धत काढली, तिला न्यूज म्हणतात. त्या तक्त्यात नाडीचा 1, श्वासाचे 2, बीपीचा 1, तापाचा 1, ऑक्सिजनचा 1. झाले 6. पाच झाले की तातडीने डॉक्टरांनी येऊन बघायचं, असा नियम आहे. लघवी त्या तक्त्यात नाही, पण साठ किलोच्या माणसाला तासाला निदान 30 मिली व्हायला हवी, म्हणजे सहा तासांत 180. झालीय निम्मी. रक्तात जंतुसंसर्ग पसरत असण्याची शक्यता डोळ्यांसमोर आहे.

आणि आता शेजारी बसलेली मुलगी म्हणते, "सिस्टर, बाबा मघापासून काहीतरीच बोलताहेत." 2017 च्या सुधारित तक्त्यात नव्याने आलेल्या गोंधळलेपणाला एकट्याला 3 गुण आहेत. बेरीज 9. सात झाले की इमर्जन्सी. मुलीचं ते एक वाक्य बीपी आणि ताप दोन्हींपेक्षा जड आहे.

ओघात सांगतो, यातला श्वास हा सगळ्यात दुर्लक्षित आकडा. कित्येक वॉर्डांत चार्टवर सगळ्या पेशंटचा श्वास 18 किंवा 20 असतो. घड्याळ लावून मोजलेला नसतो, लिहिलेला असतो.

माझे काही डॉक्टर मित्र म्हणतात, सिस्टर डोकं चालवायला लागल्या तर आमच्या ऑर्डरी कोण पाळणार? अहो, आंधळेपणाने ऑर्डर पाळणारी नर्स जास्त धोक्याची. चार्टवर लिहिलंय, सकाळी नाश्त्याआधी इन्सुलिन. पण आज सोनोग्राफीसाठी पेशंट उपाशी आहे. लिहिलंय तसं दिलं तर शुगर घसरून पेशंट बेशुद्ध पडेल. थांबवून फोन केला तर काही डॉक्टर खेकसतील, "तुला सांगितलं तेवढं कर." कोणती सिस्टर हवी तुम्हाला? मला तरी फोन करणारी हवी. ती निदान करत नाहीये, औषध बदलत नाहीये. धोका ओळखून विचारतेय.

दुसरा आक्षेप मात्र खरा आहे. रात्री तीस-चाळीस पेशंटमागे एक सिस्टर असेल तर तिने निर्णय घ्यायचे कधी? इंडियन नर्सिंग कौन्सिलचा निकष आहे शिकवणाऱ्या रुग्णालयात तीन पेशंटमागे एक आणि साध्या रुग्णालयात पाचांमागे एक. पेनसिल्व्हेनियातल्या 168 रुग्णालयांचा अभ्यास 2002 साली प्रसिद्ध झाला. त्यात नर्समागे एक पेशंट वाढला की ऑपरेशननंतर तीस दिवसांत मृत्यूची शक्यता सुमारे 7 टक्क्यांनी जास्त आढळली. युरोपातल्या नऊ देशांच्या 2014 च्या अभ्यासातही तेच दिसलं. शिवाय पदवीधर नर्सचं प्रमाण जिथे जास्त, तिथे मृत्यू कमी. म्हणजे माणसंही हवीत आणि शिकलेलीही हवीत. एक नाही म्हणून दुसरं नको, हा युक्तिवाद मला मान्य नाही.

आणि सरावाचे प्रश्न आणले की काम झालं, असंही नाही. क्लासवाले त्याचीही घोकंपट्टी करून टाकतात. "'डॉक्टरांना कळवा' हा पर्याय दिसला की सोडून द्या, आधी पेशंट तपासा हेच उत्तर असतं," अशा युक्त्या विकल्या जातात. वरच्या पेशंटचे सगळे आकडे हातात असताना ही युक्ती वापरली तर तो जाईल. प्रश्न सोडवल्यावर *का* हे कुणाशी तरी बोलायला हवं. रात्रीचा फोन योग्य होता की नाही, यावर सकाळी डॉक्टर आणि सिस्टर दहा मिनिटं एकत्र बसले, तर त्याहून चांगला क्लास नाही. आता आम्ही तसं बसतो. सुरुवातीला सिस्टर गप्प असायच्या, हल्ली माझ्या चुका काढतात.

तुमचं माणूस ॲडमिट असेल तेव्हा तुम्हीही एक करा. "सिस्टर, डॉक्टर कधी येणार?" हे दहा वेळा विचारता, त्यातलं एकदा "सिस्टर, तुम्हाला आज हे कालच्यापेक्षा कसे वाटतात?" असं विचारा. तुम्हाला काही बदल जाणवला तर तोही सांगा: जास्त झोपताहेत, धाप लागतेय, असंबद्ध बोलताहेत, लघवी झाली नाही. "काही नाही हो, होतं असं" असं उत्तर आलं तर श्वास मोजायला सांगा, पूर्ण एक मिनिट. आणि सिस्टरने रात्री डॉक्टरांना बोलावलं, डॉक्टर येऊन "सगळं ठीक आहे" म्हणाले, तर "उगाच घाबरवलंत" असं तिला म्हणू नका. पुढच्या वेळी ती बोलावणार नाही.

त्या सिस्टरना मी डोकेदुखीची गोळी लिहून दिली आणि सांगितलं, नाइट जरा कमी करा, झोप झाल्याशिवाय हे थांबणार नाही. त्या म्हणाल्या, "पुढच्या महिन्यात परीक्षा आहे सर. पास झाले की इथल्या नाइट आपोआप बंद होतील."