जिओहॉटस्टार डॉट कॉम: एका पत्त्यावरून एवढा गाजावाजा का झाला?

ऑक्टोबर 2024 मध्ये जिओहॉटस्टार डॉट कॉम उघडणाऱ्यांना तिथे क्रिकेट नाही, एक पत्र वाचायला मिळालं. दिल्लीतल्या एका तरुण ॲप डेव्हलपरने हे नाव 2023 मध्येच घेऊन ठेवलं होतं. 'सावन' रिलायन्सकडे गेल्यावर 'जिओसावन' झालं, मग हॉटस्टारचंही तेच होणार, असा त्याचा अंदाज. नावाच्या बदल्यात कंपनीने केंब्रिजमधल्या शिक्षणाचा खर्च द्यावा, एवढीच त्याची मागणी होती. कंपनीने नकार दिला. पुढे ते नाव दुबईतल्या दोन लहान भावंडांकडे गेलं आणि त्यांनी ते रिलायन्सला फुकट द्यायची तयारी दाखवली.

सोशल मीडियावर अनेकांना हा पोरगा हुशार वाटला. हुशार होताच, पण कायद्याच्या बाजूने तो कच्चा होता. डॉट कॉम नावांच्या वादात तीन गोष्टी पाहतात: नाव एखाद्या ट्रेडमार्कशी मिळतंजुळतं आहे का, घेणाऱ्याचा त्यावर काही हक्क आहे का, आणि ते घेण्या-वापरण्यामागे हेतू वाईट होता का. विलीनीकरणाच्या बातम्या वाचून दोन कंपन्यांची नावं जोडून ठेवणं या तिसऱ्या कसोटीवर सहसा टिकत नाही. भारतातही सत्यम इन्फोवे खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2004 मध्येच डोमेन नावाला ट्रेडमार्कसारखं संरक्षण मिळू शकतं, असं स्पष्ट केलं होतं.

गंमत पुढे आहे. 14 फेब्रुवारी 2025 ला जिओहॉटस्टार सुरू झालं, तरी ब्राउझरवर पाहणारे प्रेक्षक हॉटस्टार डॉट कॉमवरच राहिले. यात नवल काही नाही. जुन्या पत्त्याकडे वर्षानुवर्षांच्या लिंक येत असतात, लोकांच्या बोटांना तो पाठ असतो. पत्ता बदलायचाच तर जुन्यावरून नव्याकडे कायमचं वळण द्यावं लागतं आणि ते निदान वर्षभर तरी ठेवा, असं गुगल सांगतं. हे वळण न देता नाव बदललं, की गुगलमधली जागा अक्षरशः शून्यापासून कमवावी लागते.

मग नावात 'स्वस्त', 'पुणे', 'फर्निचर' असे शब्द कोंबले तर वेबसाईट वर येते का? एकेकाळी येत असे. सप्टेंबर 2012 मध्ये गुगलने अशा केवळ शब्दांच्या जोरावर वर येणाऱ्या सुमार साईट्सना खाली ढकललं. आता डोमेनमधल्या शब्दांचा रँकिंगवर जवळपास काहीच परिणाम होत नाही, असं गुगलच्याच मार्गदर्शिकेत लिहिलेलं आहे. तरीही 'एसईओ-फ्रेंडली नाव' म्हणून जास्तीचे पैसे उकळणारे आहेतच. शेपटीचा मात्र थोडा फरक पडतो: डॉट इन म्हटलं की गुगल ती साईट भारतातल्या वाचकांसाठी आहे असं धरतं. डॉट कॉम कोणत्याच देशाला बांधलेलं नाही.

मराठी नावांची खरी अडचण वेगळीच आहे, स्पेलिंगची. 'वाडा' लिहायचा तर व्ही की डब्ल्यू? ए एक की दोन? नाव ऐकून दहा जण चार तऱ्हांनी टाइप करणार असतील, तर त्यातले काही ग्राहक दुसऱ्याच्या दारात पोहोचतात. म्हणून पैसे भरण्याआधी ते नाव फोनवर कुणाला तरी सांगून लिहायला लावावं आणि जवळची एक-दोन स्पेलिंगंही घेऊन टाकावीत. 2014 पासून देवनागरीत डॉट भारतही मिळतं, पण तो पत्ता कॉपी करून व्हॉट्सॲपवर टाकला की बरेचदा 'एक्सएन'ने सुरू होणारी अगम्य अक्षरं दिसतात. विश्वास तिथेच उडतो.

विश्वासाचा हाच मुद्दा रिझर्व्ह बँकेनेही गंभीरपणे घेतला. फेब्रुवारी 2025 मध्ये बँकांसाठी 'डॉट बँक डॉट इन' ही वेगळी शेपटी जाहीर झाली आणि 31 ऑक्टोबर 2025 पर्यंत सगळ्या बँकांना तिकडे जायला सांगण्यात आलं. ही शेपटी फक्त बँकांनाच मिळते, बाजारात कुणालाही विकत घेता येत नाही. त्यामुळे मेसेजमधल्या लिंकमध्ये पहिल्या तिरप्या रेघेच्या अलीकडचा शेवटचा भाग आधी वाचायचा. बँकेचं नाव सुरुवातीला कितीही ठळक असलं, पण शेवटी 'बँक डॉट इन'ऐवजी 'बँक-इन डॉट कॉम' असेल, तर तो पत्ता बँकेचा नाही.